तुरुंगांसाठीची देणगी कुठे जावी?

महोदय,

विकसनशील देशांतील तुरुंगांसाठी झटणाऱ्या धर्मादाय संस्थांविषयी जे छापून येते, त्यात बहुधा घोंगड्यांचे वाटप, शिलाई यंत्रे आणि ग्रंथालयाचे उद्घाटन एवढेच असते. ही मदत कमी लेखण्याचे कारण नाही. जिथे जागेअभावी कैदी आळीपाळीने झोपतात, तिथे घोंगडीचेही मोल असते. परंतु त्या गर्दीत कच्च्या कैद्यांचा भरणा फार मोठा असतो. जामिनाची रक्कम जमत नाही, किंवा आपला कागद कुठे अडकला हे सांगणारे कोणी नाही, एवढ्याच कारणाने त्यांतले अनेकजण गुन्हा सिद्ध होण्याआधीच वर्षानुवर्षे आत राहतात. क्षयरोग फैलावतो तोही या दाटीवाटीमुळेच.

म्हणून मलावीत २००० साली सुरू झालेला प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तेथे स्वयंसेवी संस्थांचे पॅरालीगल कार्यकर्ते, म्हणजे वकील नसलेले पण फौजदारी प्रक्रियेचे प्रशिक्षण घेतलेले लोक, नियमाने तुरुंगात जातात आणि कैद्यांकडूनच खटल्याचे नाटक करवून घेतात. एकजण न्यायाधीश, एकजण सरकारी वकील, आणि ज्याची तारीख जवळ आली आहे तो आरोपी; जामीन कोणत्या शब्दांत मागायचा, हे तो सोबत्यांसमोर उभा राहून शिकतो. रखडलेल्या प्रकरणांसाठी तर न्यायाधीशच तुरुंगात येऊन न्यायालय भरवतात. युगांडातील लुझिरा तुरुंगात कैदी आणि तुरुंग कर्मचारी लंडन विद्यापीठाच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला दूरशिक्षणाने बसले आहेत, हेही याच वाटेवरचे काम.

अशा कामात छायाचित्र काढण्याजोगे फारसे काही नसते, आणि देणगीदारांचा हात आखडतो तो (स्पष्ट बोलायचे तर) तिथेच.

पुनर्वसनाचे उदाहरण म्हणून ब्राझीलमधील ‘अपाक’चा दाखला दिला जातो. १९७२ मध्ये साओ जोसे दोस कांपोस येथे ही चळवळ सुरू झाली. तिच्या केंद्रांत सशस्त्र पहारा नसतो, दारांच्या किल्ल्या कैद्यांकडेच असतात आणि प्रत्येकाला नावाने हाक मारतात. प्रयोग धाडसी आहे खरा, पण न्यायाधीशाने परवानगी दिलेल्यांनाच तेथे प्रवेश मिळतो, हे त्याचे यश मोजताना विसरता येत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो सुटकेनंतरचा पहिला आठवडा. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील १०८ वा नियम सांगतो की, सुटणाऱ्या माणसाजवळ ओळखीची कागदपत्रे, ऋतूला साजेसे कपडे आणि मुक्कामी पोहोचण्यापुरते पैसे असावेत. या तीन गोष्टींसाठी देणगी मागणारे एकही पत्रक आजवर माझ्या पाहण्यात आलेले नाही.

आपला,
एक नियमित वाचक