ते जनुक तर तुमच्यातही आहे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला कर्करोगाच्या जनुकांवरचा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा यासाठी, की तिसऱ्या रकान्यातले वाक्य खरेच छापले आहे यावर विश्वास बसेना: ‘ज्या स्त्रियांमध्ये बीआरसीए-१ हे जनुक असते, त्यांना स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता जास्त.’

अहो, ते प्रत्येकीत असते आणि प्रत्येकातही. लेखकमहाशयांत आहे, आपल्यातही आहे. तुटलेला डीएनए सांधणे हे त्याचे काम. घरात गवंडी आहे म्हणून भिंत पडते का? त्याच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतःच बिघडलेली असेल, तर धोका वाढतो. पुढे एखाद्या पेशीत दुसरी प्रतही गेली की तिथली डागडुजी नीट होत नाही, चुका साचत जातात. अशातच पी-५३ सारखे, ‘डीएनए दुरुस्त होईपर्यंत विभागू नकोस’ म्हणून पेशीला थांबवणारे जनुक बिघडले, की मग तिला अडवणार कोण?

एका शब्दाने काय बिघडते म्हणाल, तर सांगते. माझ्या वहिनींना एक्केचाळिसाव्या वर्षी हा आजार झाला. तपासणीत बीआरसीए-१ मध्ये दोष निघाला. मुलीत तो उतरण्याची शक्यता निम्मी, म्हणून पुतणीनेही तपासून घेतले. तिच्यात तो दोष नाही. चार वर्षांपूर्वी तिचे लग्न ठरत आले होते. मुलाच्या मावशी असल्याच एका लेखाचे कात्रण पर्समध्ये घालून आल्या. ‘तुमच्याकडे ते जनुक आहे म्हणे?’ पोरीने मुकाट्याने रिपोर्ट आणून पुढे ठेवला. मावशींनी चष्मा लावला, बोट फिरवले आणि म्हणाल्या, ‘हे काय, बीआरसीए-१ लिहिलंय की इथे!’

तपासलेल्या जनुकाचे नाव होते ते. त्यापुढचे ‘दोष आढळला नाही’ वाचायला कुणी थांबले नाही. पोहे तसेच राहिले.

याच मावशींनी चहा पिताना सांगितले होते, की मुलाची आत्या अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. ‘पण ते वडिलांकडचं, तिकडून नाही येत.’ येते, बाई! बापाकडूनही तेवढेच येते, आणि बीआरसीएचा दोष अंडाशयालाही सोडत नाही. आम्ही मात्र त्यांच्याकडे रिपोर्ट मागितला नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर राशिभविष्याखालच्या बारीक टायपात नको, ही नम्र विनंती. आणि जाता जाता, लेखासोबतच्या चित्रातला डीएनए डाव्या पिळाचा आहे. तो साध्या स्क्रूसारखा उजव्या पिळाचा हवा. आमच्या नववीच्या मुलांचे मी यासाठी अर्धा गुण कापत असे.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा