आईचं गोंदण, लेकीचा टॅटू

महोदय,

माझ्या आईच्या मनगटावर हिरवट तुळस गोंदलेली होती. जत्रेत गोंदणारणीपुढे रडत बसले होते, असं ती सांगे. वर ‘मेल्यावर सोबत येतं ते एवढंच’ हेही. शहरात आल्यावर आम्हा बहिणींना मात्र त्या तुळशीची लाज वाटायची. फोटो काढताना तिला पदर ओढून घ्यायला लावायचो!

आता माझ्या मुलीला तीच तुळस टॅटू म्हणून हवी आहे. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘लोक काय म्हणतील?’ लोक काहीच म्हणत नाहीत, बँकेतल्या मॅडमच्या हातावरही टॅटू दिसतो. विचार करायचा तो वेगळ्या गोष्टींचा. सुई नवी, सीलबंद आहे का? टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. सैन्यभरतीत टॅटू कुठे चालतो याचे नियम आहेत. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत आहे, हे मला आवडलं. आणि लेझरने काढायचा तर बऱ्याच खेपा, बराच खर्च.

तूर्त ती रोज पेनाने तुळस काढून बघते आहे. आईची जरा वाकडी होती. हिलाही वाकडीच हवी.

– एक वाचक, सातारा