सूचना : मांजर हरवल्यास आधी जवळच शोधा

सदस्यांनो, घरातच वाढलेली मांजर निसटली तर सहसा लांब जात नाही. भेदरून जिन्याखाली, गाडीखाली, झुडपात दबून बसते आणि हाकेला ओ देत नाही. म्हणून रात्री वर्दळ थांबल्यावर टॉर्च आपल्या डोळ्यांजवळ धरून उजेड जमिनीलगत फिरवा. तिचे डोळे चमकतात. दिसली की धावू नका, खाली बसा, खाऊचा डबा हलवा.

फोटो टाकताना एक खूण मुद्दाम लपवा, समजा पोटावरचा ठिपका. ‘सापडली, आधी पैसे पाठवा’ असा फोन आला तर तीच विचारा.

ओळख पटावी म्हणून मांजरीच्या कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपमध्ये बहुधा 15 अंकी क्रमांकच असतो, ठावठिकाणा कळत नाही. त्या क्रमांकाच्या नोंदणीतला तुमचा फोन नंबर जुना असेल तर चिप असूनही कुणी तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. कृपया आजच तपासा.