हॉस्टेलात गेमिंगसाठी वायफाय अडॅप्टर घेण्याआधी

मा. संपादक साहेब, नमस्कार.

ॲडमिशनचा सीझन सुरू झालाय. नंदुरबार, शिरपूर, चोपडा, रावेर कुठून कुठून पोरं जळगाव-धुळ्याला हॉस्टेलला येतायत आणि वडलांना सोबत घेऊन असेंबल पीसी घेतायत. सगळं ठरलं की शेवटी दुकानदार विचारतो वायफायचं काय, आणि मग खोक्यावरचा आकडा बघून डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा वायफाय अडॅप्टर, निवडला जातो. ६०० लिहिलेला ३०० वाल्यापेक्षा भारी, संपला विषय. म्हणून हे पत्र.

तो ६०० म्हणजे काय, तर ५ गिगाहर्ट्झ बँडचे (बँड म्हणजे वायफायच्या रेडिओ लहरींचा पट्टा) ४३३ आणि २.४ चे साधारण १५० एमबीपीएस, दोघांची बेरीज करून गोल केलेला आकडा. पण असा डोंगल एका वेळी एकाच बँडला जोडलेला असतो, त्यामुळे ६०० कधीच मिळत नाही. आणि खरं सांगायचं तर गेम खेळताना एवढं लागतंही नाही, बहुतेक ऑनलाइन गेमचं एक-दोन एमबीपीएसमध्ये आरामात भागतं. स्पीड लागतो तो गेम डाउनलोड करताना, आणि ते रात्री लावून झोपलं तरी चालतं. मॅचमध्ये मारतो तो पिंग, म्हणजे आपला सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, त्यातही सारखा वरखाली होणारा पिंग. ४० चा ४० राहिला तर माणूस खेळतो, ३० वरून मध्येच ३०० झाला की गोळी झाडायच्या आत आपलाच कार्यक्रम होतो!

हॉस्टेलात हे जास्त का होतं? तर २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. त्यावर सगळ्या मजल्यांचे राउटर, प्रत्येकाचा मोबाईल हॉटस्पॉट, वरून ब्लूटूथ. वायफायवर एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, म्हणजे उन्हाळ्यात टँकरपाशी हंडे लावतात तसाच नंबर. ५ गिगाहर्ट्झवर चॅनल जास्त आणि गर्दी कमी, पण ते भिंतीत लवकर अडकतं. म्हणून घ्यायचाच तर ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही बँडवर चालणारा घ्या, २.४ वाला नखाएवढा डोंगल फुकट दिला तरी गेमिंगसाठी नको. कॉरिडॉरमधला राउटर वायफाय ६ चा असेल तरच वायफाय ६ चा अडॅप्टर घेण्यात खरा फायदा, नाहीतर तो जुन्याच पद्धतीने चालणार, मग उगाच पैसे कशाला घालायचे?

दुसरं म्हणजे डोंगल पीसीच्या मागे खोचून कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवतात, अरे भो, पुढे सगळा पत्रा, सिग्नल येणार कुठून? यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर आणा. यूएसबी ३ च्या पोर्टचा २.४ ला त्रास होतो, तोही लांब आणल्यावर कमी होतो. पीसीच्या आत बसणारं पीसीआयई वायफाय कार्ड चांगलंच, पण तारेवरचा अँटेना वेगळा ठेवता येणारं बघा.

आणि पैसे टाकायच्या आधी एक गोष्ट करा. मित्राच्या लॅपटॉपवर त्याच रूममधून आधी राउटरला पिंग मारून बघा, मग बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. राउटरलाच पिंग उड्या मारत असेल तर अडॅप्टर, जागा, बँड बदलून फरक पडू शकतो. राउटरला २-३ मिलिसेकंद आणि बाहेर ३०० दिसत असेल तर लोच्या बहुतेक हॉस्टेलच्या लाईनचा, त्याला कितीही महाग अडॅप्टर काही करणार नाही. संध्याकाळी जेवणानंतर बघा, दुपारी सगळे कॉलेजला असताना सगळं गोडच दिसतं.

कॉलेजवाल्यांना एवढीच विनंती, माहितीपत्रकात नुसतं "वायफाय सुविधा उपलब्ध" छापू नका, राउटर कुठल्या बँडचा, किती रूममागे एक, तेही लिहा. आणि जिथे नवीन हॉस्टेल बांधतायत तिथे रूममध्ये लॅनचा, म्हणजे इंटरनेटची केबल लावायचा, एक पॉइंट काढून ठेवा. केबल असली तर अडॅप्टरची ही भानगडच राहत नाही, आणि ऑनलाइन परीक्षेलाही तीच कामाला येईल.

आपला,
एक हॉस्टेलवाला, जळगाव