रात्री कोणत्या नावाने हाक मारायची?

चि. बाळास,

शालोम आणि पप्पांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, सिद्दुर, आपलं ज्यू प्रार्थनांचं पुस्तक, उघडला की कुठे एलोहिम, कुठे शद्दाय, कुठे सेबाओथ. देव एकच आहे, मग एवढी नावं कशाला? आणि रात्री खोलीत एकटं बसून प्रार्थना म्हणताना त्यातल्या कोणत्या नावाने हाक मारायची? तेव्हा मी "लिहून कळवतो" एवढंच म्हटलं, कारण हा विषय घाईत उरकण्यासारखा नाही. तुला असा प्रश्न पडला याचा मला किती आनंद झाला, ते आधी सांगतो.

आपल्या ज्ञानी लोकांनी याचं एक उत्तर देऊन ठेवलंय. मिद्राशात, म्हणजे शास्त्राचा अर्थ उलगडणाऱ्या जुन्या ग्रंथांत, देव मोशेला म्हणतो, माझ्या कामांवरून माझी नावं पडतात. जगाचा न्याय करतो तेव्हा मी एलोहिम, दुष्टांशी लढतो तेव्हा सेबाओथ, आणि जगावर दया करतो तेव्हा ते चार अक्षरांचं नाव. हे उत्तर बरोबरच आहे. पण तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, आणि नबींची पुस्तकं वाचत गेलो तशी एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. यातली कितीतरी नावं माणसांच्या तोंडून आली आहेत, आणि बहुतेक वेळा अडचणीत सापडलेल्या माणसांच्या.

हागारचंच बघ. मिसर देशातली दासी, पोटुशी, मालकीण सारायचा जाच सोसवेना म्हणून घरातून पळालेली आणि शूरच्या वाटेवर रानात एका झऱ्यापाशी बसलेली. बेरेशिथचा, तोरातल्या पहिल्या पुस्तकाचा, सोळावा अध्याय सावकाश वाच. अब्राम, म्हणजे पुढचा अब्राहाम, आणि साराय आपसात बोलताना तिचं नाव एकदाही घेत नाहीत. "माझी दासी", "तुझी दासी", बस. पहिल्यांदा तिला नावाने हाक मारतो तो देवाचा दूत. "हागार, तू कुठून आलीस आणि कुठे चाललीस?" मग ती देवाला नाव देते, एल रोई, मला पाहणारा देव. माणसाने देवाला नाव दिलं, असं तोरामध्ये सगळ्यात आधी तिच्याबद्दल लिहिलंय. हा मान अब्राहामला नाही मिळाला. एका परक्या, पळून आलेल्या दासीला मिळाला. नव्या शहरात दिवसभर माणसांत वावरूनही आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं वाटतं, हे तू म्हणालास ना, तेव्हा मला हीच आठवली.

दुसरी हन्ना. मूल नाही म्हणून सवत टोचून बोलायची, आणि नवऱ्याचं प्रेम असूनही तिचं दुःख त्याला पुरतं कळत नव्हतं. शिलोच्या मंदिरात ती उभी राहिली. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई दारू पिऊन आली आहे. तिने देवाला "अदोनाय सेबाओथ" म्हटलं, म्हणजे सैन्यांचा प्रभू. तालमूदमध्ये, आपल्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, रब्बी एलाझार सांगतात की जग निर्माण झाल्यापासून देवाला या नावाने हाक मारणारी पहिली व्यक्ती हन्ना. ती म्हणाली, तुझ्या जगात सैन्यांमागून सैन्यं आहेत, त्यातला एक मुलगा मला द्यायला तुला जड का जावं? हे नाव ऐकलं की आपल्याला लढाई आठवते, पण पहिल्यांदा ते उच्चारलं गेलं ते रडवेल्या बाईकडून, मुलासाठी. आज आपण अमिदा, उभं राहून करायची मुख्य प्रार्थना, ओठांतल्या ओठांत म्हणतो ती तिच्याकडूनच शिकून. तेव्हा प्रार्थनेत मागायची लाज वाटते असं तू म्हणतोस, ते मला पटत नाही. माग. हक्काने माग.

आणि रागही कर. नामी मोआबातून बेथलेहेमला परतली तेव्हा नवरा आणि दोन्ही मुलगे तिकडेच पुरून आली होती. गावच्या बायका विचारू लागल्या, ही नामीच का? ती म्हणाली, "मला नामी म्हणू नका, मारा, म्हणजे कडू, म्हणा, कारण शद्दायने मला फार कडू दिवस दाखवले." इयोबच्या पुस्तकात शद्दाय हे नाव 31 वेळा येतं, तनाखमधल्या, म्हणजे आपल्या पवित्र शास्त्रातल्या, दुसऱ्या कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त, आणि ते पुस्तक तर तक्रारीनेच भरलेलं आहे. शद्दाय, सर्वसमर्थ, म्हणायचं आणि त्याच दमात "मग माझ्यावर ही वेळ का आणलीस?" असंही विचारायचं. आपल्या धर्मात याला मनाई नाही. तुझी आजी आजारी होती तेव्हा मी हेच केलं होतं, आणि त्या दिवसांत मला तो जितका जवळ वाटला तितका सुखाच्या दिवसांत क्वचितच वाटला.

हेच शद्दाय नाव आपल्या दारावर असतं. येताजाता आपण मेझुझाला, दाराच्या चौकटीवरच्या डबीला, बोटं लावून ओठांना लावतो. आत गुंडाळलेलं चर्मपत्र असतं, आणि त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं शीन, दालेथ, योद. या तीन अक्षरांत ज्ञानी लोकांनी "शोमेर दलथोथ इस्राएल", इस्राएलच्या दारांचा राखणदार, हेही वाचलं. तुझ्यासाठी घेतलेलं चर्मपत्र डबीत घालण्याआधी मी टेबलावर उलगडून पाहिलं. हाताएवढासुद्धा तुकडा नाही, सायीसारखा पिवळसर, आणि त्यावर 22 ओळी, 713 अक्षरं, एकाही अक्षराला दुसरं चिकटलेलं नाही. काही अक्षरांच्या डोक्यावर केसाएवढे बारीक मुकुट आहेत. सोफेर, ही पवित्र अक्षरं लिहिणारा लेखनिक, हे पिसाच्या लेखणीने लिहितो आणि अक्षरं क्रमानेच लिहावी लागतात, मागे जाऊन राहिलेलं अक्षर घालता येत नाही. देवाचं नाव आलं की तो थांबतो, नावाच्या पावित्र्यासाठी लिहितोय असं म्हणतो आणि मगच लेखणी टेकवतो. रांबाम, मध्ययुगातले आपले मोठे धर्मपंडित, सांगतात, नाव लिहीत असताना इस्राएलच्या राजाने जरी शालोम म्हटलं तरी त्याने उत्तर देऊ नये. आणि नाव चुकलं तर ते खरवडायचं नाही. एल, एलोहिम, शद्दाय, सेबाओथ अशी सात नावं आहेत, जी एकदा लिहिली की पुसायची नाहीत. असे कागद आणि चर्मपत्रं जीर्ण झाली की आपण त्यांना माणसासारखी मूठमाती देतो.

आता चार अक्षरांच्या नावाबद्दल. योद, हे, वाव, हे. तनाखमध्ये ते सुमारे 6,800 वेळा आहे, आणि आपण ते एकदाही उच्चारत नाही. डोळ्यांना ते दिसतं, तोंडाने आपण "अदोनाय" म्हणतो, आणि तेही प्रार्थनेतच. एरवी बोलताना हाशेम, म्हणजे "ते नाव". येरुशलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा किप्पुरच्या, प्रायश्चित्ताच्या दिवशी, आपल्या जुन्या लोकांच्या भाषेत दारफाळणीच्या सणाला, मुख्य याजक ते नाव उच्चारायचा आणि अंगणात उभे असलेले सगळे लोक जमिनीवर पालथे पडायचे. सन 70 मध्ये मंदिर गेलं आणि तो उच्चारही गेला. तुला वाटेल, बाकी सगळी नावं मोकळेपणाने घ्यायची आणि खरं नाव मात्र मिटून ठेवायचं, हे काय? मला वाटतं, हे असंच हवं होतं. तो आपल्या हाकेला ओ देतो, पण आपल्या मुठीत येत नाही. मोशेने जळत्या झुडपापाशी नाव विचारलं तेव्हाही "एहये अशेर एहये" एवढंच उत्तर मिळालं, मी जो असेन तो असेन. तालमूद त्यावर सांगतो, देवाला म्हणायचं होतं की या संकटात मी तुमच्याबरोबर आहे आणि पुढच्या संकटांतही असेन. मोशे म्हणाला, आजचं दुःख आजच्यापुरतं पुरे आहे, पुढचं आत्ताच कशाला सांगायचं? तेव्हा देवाने त्याला फक्त "एहये" सांगायला लावलं. लोकांच्या जिवाला घोर लागू नये म्हणून देवाने स्वतःचं नाव अर्धं सांगितलं. एवढी माया मी दुसऱ्या कुठल्या ओळीत वाचलेली नाही.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पूर्वजांचं मला म्हणून फार कौतुक वाटतं. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, पोथ्या समुद्रात गेल्या, हिब्रू विसरली गेली. घाणा चालवून तेल गाळायचं आणि शनिवारी काम बंद, म्हणून शनिवार तेली हे नाव पडलं. पुढे दाविद राहाबी हे ज्यू गुरू आले तेव्हा या लोकांना प्रार्थना म्हणून काय येत होतं? शेमा. "शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद." ऐक इस्राएला, प्रभू आपला देव, प्रभू एकच. त्या एका ओळीवर पिढ्यानपिढ्या निघाल्या. सुंता असो, लग्न असो, नवस असो, तीच ओळ. तिच्यात दयेचं नाव आहे, न्यायाचं नाव आहे, आणि दोन्ही एकच आहेत हेही आहे. पुढे 1796 मध्ये सामुएल दिवेकरांनी मुंबईत मांडवीला आपलं पहिलं सिनेगॉग, प्रार्थनाघर, बांधलं, त्याला पुढे नाव पडलं शाआर हारहमीम, दयेचं द्वार.

आणि आपल्या ठाण्याचं सिनेगॉग, 1879 चं शाआर हाशामायिम, स्वर्गाचं द्वार. हे शब्द कुणाचे, ठाऊक आहे? याकोबचे. पनवेलच्या बेथ एलचं नावही त्याच रात्रीतलं. ती रात्र तू वाचायलाच हवीस, कारण तो तुझ्यासारखाच होता. आईवडिलांचं घर सोडून हारानला निघालेला, खिशात काही नाही, सूर्य मावळला म्हणून वाटेतच थांबलेला, उशाला दगड. स्वप्नात त्याने शिडी पाहिली, आणि जागा झाल्यावर म्हणाला, "खरंच, या जागी हाशेम आहे आणि मला माहीत नव्हतं." त्या उताऱ्यात "माकोम", जागा, हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि आपले ज्ञानी लोक देवालाच हामाकोम म्हणतात. मिद्राश म्हणतो, तो जगाची जागा आहे, जग त्याची जागा नाही. पेसाह सणाच्या रात्री वाचायच्या हग्गादात आपण "बारुख हामाकोम", धन्य तो हामाकोम, म्हणतो ते हेच नाव. ज्यांचं मंदिर गेलं, देश गेला, जे कोकणच्या खेड्यांत जाऊन राहिले, त्यांना हे नाव किती लागलं असेल! भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही ते लागतं. संध्याकाळची प्रार्थना, अर्विथ, याकोबने त्या रात्री सुरू केली असं मानतात.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं. दिवस कसा गेला ते आधी स्वतःशी खरं खरं कबूल कर, मग नाव आपोआप ओठांवर येईल. एकटं वाटलं तर एल रोई म्हण. काही हवं असेल तर हन्नासारखं सेबाओथ म्हण. ऑफिसात कुणी अन्याय केला असेल तर एलोहिमपुढे ठेव, तो न्यायाधीश आहे. आजाऱ्यासाठी रोफे होलिम, आजाऱ्यांना बरं करणारा, म्हण. मन भरून आलं असेल तर रिबोनो शेल ओलाम, जगाच्या मालका, एवढंच पुरे. आणि काहीच सुचलं नाही तरी घाबरू नकोस. एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही नाही, आणि त्यातही तो आहेच.

निजताना मात्र शेमा चुकवू नकोस. त्यानंतर मिखाएल उजवीकडे, गाब्रिएल डावीकडे, उरिएल पुढे, राफाएल मागे आणि डोक्यावर एलची शेखिना, म्हणजे देवाचं सान्निध्य, हे लहानपणी आई तुझ्याकडून म्हणून घ्यायची ते अजून तुला पाठ असेल.

मेझुझा कुरिअरने पाठवलाय. भाड्याचं घर असलं तरी राहायला गेल्यापासून तीस दिवसांच्या आत लावायचा असतो. आत शिरताना उजव्या हाताची चौकट, खालून दोन तृतीयांश उंचीवर. शीन बाहेरून दिसायला हवा. लावण्याआधी बराखा, आशीर्वादाची प्रार्थना, म्हणायची, ती वेगळ्या चिठ्ठीवर देवनागरीत लिहून आत ठेवली आहे. घरमालकांना आधी विचार, खिळे चालत नसतील तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली तरी चालते. शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आधी फोन कर, आई वाट बघते.

तुझे
पप्पा