उपयोग काय, हे विचारू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या ज्येष्ठांच्या पानावर मागे एक लेख आला होता, निवृत्तीनंतर नवीन भाषा शिका, शब्दकोडी सोडवा, रोज काहीतरी लिहा म्हणजे मेंदू तल्लख राहतो वगैरे. लेख चांगल्या मनानं लिहिलेला होता यात वादच नाही, पण वाचून माझी जरा चिडचिड झाली म्हणून हे पत्र. म्हणजे बघा ना, आयुष्यभर जे काय शिकलो ते मार्कांसाठी, मग नोकरीसाठी, मग खात्याच्या परीक्षेसाठी आणि प्रमोशनसाठी, आता कुठे त्यातून सुटका झाली तर म्हणे शिका, कारण तब्येतीला बरं असतं! शिकणं पण नेऊन बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवलं.

मी सध्या उर्दू लिपी शिकतेय, यूट्यूबवर, माझी मीच. घरातून पहिला प्रश्न आला, "आई, याचा उपयोग काय?" आणि ओळखीच्यांचा दुसरा, "सर्टिफिकेट मिळतं का?" नाही मिळत. उपयोग पण काही नाही. पण मजा काय आहे ते सांगते. बे, पे, ते, से ही चार अक्षरं, चौघांचा आकार अगदी एक, खाली एक टिंब दिलं की बे, खाली तीन दिली की पे, वर दोन की ते आणि वर तीन की से. बरं एवढं पाठ करून बसावं तर शब्दाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी तेच अक्षर वेगवेगळं दिसतं, म्हणजे परत पहिल्यापासून ओळख करून घ्या. त्यात अलिफ, दाल, रे, वाव ही मंडळी पुढच्या अक्षराला चिकटतच नाहीत, त्यामुळे आपल्याला वाटतं शब्द संपला आणि तो संपलेलाच नसतो. सगळं उजवीकडून डावीकडे चाललंय आणि मधेच आकडा आला की तो मात्र डावीकडून उजवीकडे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते. ऱ्हस्व स्वर बहुतेक वेळा लिहीतच नाहीत, वाचणाऱ्यानं समजून घ्यायचे. एका गझलेच्या पहिल्या दोन ओळी कोणाच्या मदतीशिवाय लागल्या त्या दिवशी कुकर लावायचाच राहिला, आता याचा उपयोग काय सांगणार?

वय झालं की डोक्यात काही शिरत नाही हे पण अर्धंच खरं. वेग कमी होतो, नावं ऐनवेळी आठवत नाहीत, कबूल. पण शब्दांचा साठा उतारवयातही चांगला टिकतो. आणि आपल्याकडे एक गोष्ट आहे जी परीक्षेच्या पोरांकडे नसते, ती म्हणजे घाई नसणं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली लिहून ठेवलंय की एका बैठकीत घोकण्यापेक्षा मधे वेळ सोडून थोडं थोडं केलेलं जास्त लक्षात राहतं. परीक्षा उद्यावर आलेल्या मुलाला हे परवडत नाही, आपल्याला परवडतं.

आणि औषध म्हणूनच विकायचं ठरवलं की काय होतं तेही बघा. ल्युमॉसिटी हे ब्रेन गेमचं ॲप, विस्मरण लांब ठेवतं अशा जाहिराती करायचं, पुरेसा पुरावा नव्हता म्हणून अमेरिकेत २०१६ साली कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. कोडी सोडवू नका असं मी म्हणत नाहीये हो, आवडतात म्हणून सोडवा.

परीक्षा नसलेलं शिक्षण काही नवीन पण नाही. फ्रान्समधे तुलूझला १९७३ साली निवृत्त लोकांसाठी 'युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज' सुरू झाली, पुढे १९८०च्या दशकात ब्रिटनमधे तिचं जे रूप आलं ते मला जास्त आवडतं, तिथे सभासदच एकमेकांना शिकवतात, ज्याला जे येतं ते त्यानं सांगायचं, मार्क नाहीत, डिग्री नाही. जपानच्या मासाको वाकामिया बाईंचं नाव तुमच्याकडेही येऊन गेलं असेल, २०१७ साली ८१व्या वर्षी आयफोनसाठी गेम बनवला त्या. सगळ्यांनी वय तेवढं उचललं. पण बाईंनी तो बनवला कशासाठी, तर बाजारातल्या फास्ट गेममधे म्हातारी माणसं तरुणांपुढे हरणारच, त्यांना जिंकता येईल असा एक तरी गेम असावा म्हणून. मला तर वयापेक्षा हेच भारी वाटतं.

लिहिण्याचं तर विचारूच नका. मी वहीत लिहिते असं कळलं की लगेच, फेसबुकवर टाका, पुस्तक काढा. स्वतःच्या पैशानं काढलेल्या पुस्तकांचे गठ्ठे पलंगाखाली बघितलेत मी. परवा मी ऑफिसच्या टाइपरायटरबद्दल एक पान लिहिलं, ओळ संपत आली की वाजणारी ती घंटी, डाव्या हातानं कॅरेज मागे ढकलणं, आणि कार्बन कॉपीत चूक झाली की प्रत्येक कागदावर वेगळं खोडायला लागायचं ते. घंटीचा आवाज शब्दात कसा पकडायचा यात सकाळ गेली, 'टिंग' लिहिलं, खोडलं, परत तेच लिहिलं. कोणाला दाखवलं नाही, दाखवायचं पण नाही.

तेव्हा तुम्हाला विनंती एवढीच, की त्या पानावर विक्रमवीर आजोबा आणि मेंदूचे व्यायाम चालू ठेवा, पण एक छोटा कोपरा असा द्या जिथे लोक फक्त सध्या काय शिकतायत आणि त्यात काय अडलंय ते लिहितील, फोटो नको, वय नको, फायदे तर अजिबात नकोत. आणि क्लासवाल्यांनो, परीक्षा न देता नुसतं मागच्या बाकावर बसून ऐकायची सोय ठेवा, फी पूर्ण घ्या हवं तर. जमलं तर पुरवणीचा फॉन्ट पण थोडा वाढवा.

आपली,
एक निवृत्त वाचक