आंबेनळी घाटातला रस्ता राखणाऱ्या मैलकुली काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

जुलै 2021 मधल्या त्या गोळ्यांबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. समोर बोललो असतो तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

सुरूरला पुणे-सातारा रस्ता सोडून वाई, पाचगणी, महाबळेश्वर करत पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्ग गाठणारा हा राज्यमार्ग. पर्यटकांसाठी तो प्रतापगडाचा रस्ता. कुंभरोशी, पार आणि खालच्या वाड्यांसाठी मात्र दवाखाना, बाजार, कॉलेज, मुंबईची एसटी, सगळं त्याच्यावरच. त्या जुलैत महाबळेश्वरला 24 तासांत 590 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला आणि घाट जागोजागी वाहून गेला. मी नालासोपाऱ्यात नुसता फोन लावत बसलेलो, गावी आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आलेल्या. तुम्ही मेटतळ्याच्या बाजूने दरडी ओलांडत, चिखल तुडवत आलात. गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टोपीखाली ठेवलेल्या. आईने चहा टाकला, तर ‘पुढची मोरी बघायचीय’ म्हणत तो उभ्या उभ्याच घेतलात. तिने हे मला इतक्या वेळा सांगितलंय की आता मीच तिथे होतो असं वाटतं.

पण खरे आभार रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या त्या मोरीबद्दलच मानायचे आहेत. घाट दरडीनेच तुटतो अशी आमची समजूत. एकदा तुम्ही मला वाकून बघायला लावलं होतंत. मोरीचं तोंड पाल्याने, कारवीच्या काटक्यांनी तुंबलं की डोंगराचं पाणी रस्त्यावर येतं, साइडपट्टी कुरतडतं, भराव आतून पोकळ करतं. वर डांबर शाबूतच दिसतं. मग एखादा भरलेला ट्रक जातो नि कठड्यासकट कड खाली जाते. 2021 च्या त्या पावसापुढे कुठलीच मोरी पुरी पडली नसती, हे खरंच. एरवीच्या पावसाळ्यांत मात्र एसटी वेळेवर खाली उतरली ती तुमच्या फावड्यामुळे, आणि हे कुणाच्या गावीही नसतं. उद्घाटनाच्या फलकावर मैलकुलीचं नाव कधी बघितलंय कुणी?

आता मोऱ्यांतून पाल्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटंच जास्त निघतात, असं तुम्ही म्हणालात. (वळणावर गाडी थांबवून फोटो काढणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही.) तुमच्या जोडीची माणसं निवृत्त झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. एकट्याने तरी किती उपसायचं?

मे महिन्यात आम्ही गावची मुंबईकर पोरं सुट्टीला येतोय. फावडी, घमेली आमची. सुरुवात कुठल्या मोरीपासून करायची ते तेवढं सांगा. आणि आईने बजावलंय, या वेळी चहा बसून घ्यायचा.

तुमचा,
कुंभरोशीचा एक चाकरमानी